बिल्डरूट वर्षानुवर्षं सांभाळायचं कसं

चार वर्षांपूर्वी आमच्याकडून निघालेल्या एका गेटवेवर वेळ चुकीची दिसतेय, असा ग्राहकाचा फोन आला. दुरुस्ती एका ओळीची होती आणि ती लिहायला दहा मिनिटं लागली. ती ओळ घालून तीच फर्मवेअर इमेज (उपकरणात चढवायची पूर्ण सॉफ्टवेअर फाइल) पुन्हा बांधायला मात्र नऊ दिवस गेले. एका लायब्ररीचा टारबॉल (स्रोत कोडची बांधलेली फाइल) ज्या सर्व्हरवर होता तो बंद पडलेला, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एक बदल कुठेच नोंदवलेला नाही, आणि ज्या लॅपटॉपवर मूळ बिल्ड झाली तो कधीच फॉरमॅट झालेला. तेव्हापासून मी कुठल्याही बिल्ड सिस्टिमला एकच प्रश्न विचारतो: यातल्या प्रत्येक बदलाचा पत्ता काय? तो कुठे राहतो, कशासाठी आला, आणि कधी जाणार?

हा लेख बिल्डरूटबद्दल आहे, म्हणजे छोट्या उपकरणांसाठी लिनक्सची पूर्ण इमेज स्रोत कोडपासून बांधणाऱ्या सिस्टिमबद्दल. पहिली इमेज कशी बांधायची हे सांगणारं भरपूर साहित्य आहे, ते इथे नाही. इथे आहे ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाचं काम. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्ये टाइप करायची.

ओळख थोडक्यात. यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीच्या चाचणीसाठी २००१ मध्ये बिल्डरूट सुरू झालं. जानेवारी २००९ मध्ये पीटर कोर्सगार्ड यांनी देखभाल हाती घेतली आणि २००९.०२ पासून दर तीन महिन्यांनी आवृत्ती येऊ लागली: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. आतमध्ये मेकफाइली, लिनक्स कर्नलकडून घेतलेली केकॉन्फिग भाषा, आणि थोडं शेल व पायथन एवढंच आहे. अडीच हजारांहून जास्त पॅकेजं असूनही एक माणूस ते सगळं वाचून समजू शकतो. योक्टो या दुसऱ्या, मोठ्या बिल्ड सिस्टिमच्या तुलनेत मला त्याचा हाच गुण मोठा वाटतो. रात्री दोन वाजता बिल्ड अडली की कारण शोधायला मेकफाइल उघडता येते.

पहिला निर्णय: कुठली आवृत्ती

उत्पादन बाजारात जाणार असेल तर फेब्रुवारीचीच आवृत्ती घ्या. २०१७.०२ पासून फेब्रुवारीच्या आवृत्तीला दीर्घकालीन आधार मिळतो, म्हणजे सुरक्षेच्या आणि बिल्डच्या दुरुस्त्या घेऊन २०२५.०२.१, २०२५.०२.२ अशा उपआवृत्त्या येत राहतात. आधी हा काळ एक वर्षाचा होता, २०२५.०२ साठी तो तीन वर्षांचा केला आहे. मास्टर या चालू कामाच्या शाखेवरून उत्पादन काढायचा मोह नवीन बोर्डाच्या आधारामुळे होतो. तो टाळा. कर्नल आणि यू-बूट या बूटलोडरची (उपकरण सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती तुम्हाला बिल्डरूटच्या आवृत्तीपासून वेगळी निवडता येते, तेव्हा नव्या चिपसाठी सगळं झाड (बिल्डरूटच्या फाइलींचा पूर्ण संच) हलवायची गरज नसते.

बिल्डरूट स्वतःच्या गिट रिपॉझिटरीत सबमॉड्यूल म्हणून ठेवा आणि नेमक्या टॅगवर टेकवा. टारबॉल सोडून त्यातच कमिट करत बसलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. वर्षभराने त्यांना मूळ कोणतं आणि आपलं कोणतं हे वेगळं करता येत नाही.

आपलं ते बाहेर

यावरच सगळी मदार आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बिल्डरूटच्या झाडात एकही ओळ बदलायची नाही. आपलं सगळं एका बाह्य झाडात जातं आणि बीआर२_एक्सटर्नल या व्हेरिएबलने ते जोडलं जातं. बाह्य झाडाच्या मुळाशी तीन फाइली लागतात. एक्सटर्नल.डेस्क मध्ये झाडाचं नाव आणि एका ओळीचं वर्णन असतं, कॉन्फिग.इन मध्ये आपल्या पॅकेजांचे मेन्यू, आणि एक्सटर्नल.एमके मध्ये त्यांच्या मेकफाइली ओढून घेणारी ओळ. नवीन पॅकेज लिहिलं, पण मेन्यूत दिसत नाही? शंभरातल्या नव्वद वेळा कॉन्फिग.इन मध्ये त्याची ओळ घालायची राहिलेली असते.

त्याखाली मी चार फोल्डर ठेवतो. कॉन्फिग्स मध्ये डेफकॉन्फिग फाइली (निवडलेल्या पर्यायांची छोटी यादी), बोर्ड मध्ये प्रत्येक उत्पादनाचा ओव्हरले (इमेजमध्ये जशाच्या तशा जाणाऱ्या फाइली) आणि स्क्रिप्टा, पॅकेज मध्ये आपली पॅकेजं, आणि पॅचेस मध्ये दुसऱ्यांच्या पॅकेजांवरचे आपले पॅच (कोडमधल्या बदलांच्या फाइली). शेवटच्या फोल्डरचा रस्ता ग्लोबल पॅच डिरेक्टरी या पर्यायात द्यायचा असतो. त्यात पॅकेजच्या नावाचा फोल्डर, हवं तर त्याखाली आवृत्तीचा, आणि आत ०००१ पासून क्रमांक दिलेले पॅच. आवृत्तीचा फोल्डर करावाच, असं माझं मत आहे. पॅकेजची आवृत्ती वाढली की जुना पॅच आपोआप बाजूला पडतो आणि तो अजून लागतो का, हा प्रश्न तुमच्यासमोर येतोच. तो प्रश्न यायलाच हवा.

प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो काय करतो हे लिहा, सही करा, आणि ‘अपस्ट्रीम’ अशी ओळ घाला. त्या ओळीत मूळ प्रकल्पातल्या कमिटचा दुवा द्यायचा, किंवा तो मूळ प्रकल्पाला का लागू नाही ते लिहायचं. बिल्डरूटच्या स्वतःच्या पॅचना ही ओळ सक्तीची आहे आणि चेक-पॅकेज ही तपासणी ती नसेल तर तक्रार करते. आपल्या बाह्य झाडावरही तीच तपासणी चालवा. सुरुवातीला टीममध्ये कुरकूर होईल, होऊ द्या.

रूट फाइलसिस्टिममध्ये फाइल घालायची असेल तर ओव्हरले, काही फेरफार करायचा असेल तर पोस्ट-बिल्ड स्क्रिप्ट. आउटपुट फोल्डरातल्या टार्गेटमध्ये थेट हात घालू नका. मेक क्लीन म्हणताच ते सगळं जातं, आणि जायलाच हवं. पोस्ट-बिल्ड स्क्रिप्ट लहान ठेवा. ती शंभर ओळींच्या पुढे गेली की समजा, त्यात एखादं पॅकेज लपून बसलंय.

कॉन्फिग जपणं आणि पुन्हा बांधणं

मेन्यूकॉन्फिग मध्ये केलेला बदल फक्त डॉट-कॉन्फिग मध्ये बसतो. तो टिकवायचा तर मेक सेव्हडेफकॉन्फिग. ही कमांड मूळ मूल्यांपेक्षा वेगळे असलेले पर्यायच लिहून ठेवते, त्यामुळे फाइल छोटी राहते आणि गिटमधला फरक वाचता येतो. कर्नलसाठी मेक लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग आणि बिझीबॉक्ससाठी (लिनक्सच्या नेहमीच्या कमांडांचा छोटा संच) मेक बिझीबॉक्स-अपडेट-कॉन्फिग वेगळी चालवावी लागते. आमच्या गेटवेच्या कर्नलमधला तो हरवलेला बदल असाच गेला होता: मेन्यूत केला, इमेज बांधली, बोर्डावर चालली, जतन करायचं राहिलं.

दुसरी गोष्ट नवख्यांना नेहमी चकवते. एखादा पर्याय बदलल्यावर काय पुन्हा बांधायला हवं, हे बिल्डरूट स्वतः शोधत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. तो शोध अचूक करायचा तर सिस्टिम फार गुंतागुंतीची होते. परिणाम असा, की पॅकेज मेन्यूतून काढलं तरी त्याच्या फाइली टार्गेटमध्ये पडून राहतात. डाउनलोड करणारं कर्ल आधी बांधलं आणि एन्क्रिप्शनची ओपनएसएसएल लायब्ररी नंतर चालू केलं, तर कर्लला एचटीटीपीएस येत नाही आणि अर्धा दिवस माणूस प्रमाणपत्रं तपासत बसतो. टूलचेनमध्ये (कंपायलर आणि त्याच्या सोबतच्या साधनांत) काहीही बदललं तर सगळं साफ करून पुन्हा बांधणं हाच रस्ता. एकाच पॅकेजपुरता बदल असेल तर त्याच्या नावापुढे रिबिल्ड, रीकॉन्फिगर किंवा डर्क्लीन जोडून काम भागतं. फक्त ओव्हरले बदलला असेल तर साधा मेक पुरतो.

ग्राहकाकडे जाणारी इमेज मात्र कायम रिकाम्या आउटपुट फोल्डरातून बांधायची, आणि तीही बिल्ड सर्व्हरवर. वेळ वाचवायला सीकॅश चालू करा. त्याने सी आणि सी++ चं कंपाइल बरंच झटपट होतं.

एक सापळा सांगून पुढे जातो. स्वतःचा कोड वारंवार बदलत असाल तर लोकल.एमके मध्ये पॅकेजचा ओव्हरराइड सोर्स-डिर रस्ता देता येतो आणि मग बिल्डरूट तुमच्या फोल्डरातूनच कोड उचलतं. रोजच्या कामाला ही सोय फारच छान. पण ती फाइल विसरली गेली, तर ग्राहकाची इमेज कुणाच्या तरी होम डिरेक्टरीतल्या अर्धवट कोडमधून बनते. बिल्ड सर्व्हरवर लोकल.एमके सापडली की बिल्ड थांबवणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाका.

टारबॉलची कोठी

पावसाळ्याआधी घरात धान्य भरून ठेवतात तसा स्रोत कोड भरून ठेवा. मेक सोर्स म्हटलं की निवडलेल्या सगळ्या पॅकेजांचे टारबॉल डाउनलोड फोल्डरात येतात. हा फोल्डर बीआर२_डीएल_डीआयआर ने बिल्डरूटच्या बाहेर न्या, सगळ्या प्रकल्पांसाठी एकच ठेवा, आणि कंपनीच्या आतल्या साध्या वेब सर्व्हरवरून वाटा. मग प्रायमरी साइट या पर्यायात त्याचा पत्ता दिला की बिल्डरूट आधी तिथे बघतं. न सापडल्यास मूळ ठिकाणी, आणि तिथेही नसेल तर बिल्डरूट प्रकल्पाच्या स्वतःच्या साठ्यात. वर्षातून दोनदा ‘प्रायमरी साइट ओन्ली’ चालू करून बिल्ड सर्व्हरचं इंटरनेट तोडा आणि पूर्ण बिल्ड लावा. काय काय कोठीत नव्हतं ते तासाभरात कळतं.

जवळजवळ प्रत्येक पॅकेजसोबत डॉट-हॅश फाइल असते आणि टारबॉलचा शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला नाही तर बिल्ड थांबते. हा अडथळा वाटला तरी काढू नका. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबने त्यांच्याकडचं गिट नवं केलं. त्या नव्या गिटमध्ये बाहेरच्या जीझिप या कॉम्प्रेशन प्रोग्रॅमऐवजी आतलं कॉम्प्रेशन वापरलं जात होतं. आतला कोड तोच, पण आपोआप बनणाऱ्या टारबॉलचे बाइट बदलले आणि जगभरच्या बिल्ड हॅश न जुळल्याने पडल्या. गिटहबने तो बदल त्याच दिवशी मागे घेतला. ज्यांच्याकडे कोठी होती त्यांना हे दुसऱ्या दिवशी वाचूनच कळलं. यावरून एक नियम: प्रकल्पाने स्वतः प्रसिद्ध केलेला टारबॉल असेल तर तोच घ्या, आपोआप बनणारा घेऊ नका.

आता त्या नियमाची दुसरी बाजू. मार्च २०२४ च्या शेवटी एक्सझेड या कॉम्प्रेशन पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला. तो चालू करणारा तुकडा प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. हॅश जुळला म्हणजे फाइल वाटेत बदलली नाही, एवढंच सिद्ध होतं. ती चांगली आहे हे नाही. मी त्यानंतर एक सवय लावली: कुठलंही पॅकेज वाढवताना जुन्या आणि नव्या टारबॉलमधला फरक निदान वरवर चाळायचा, विशेषतः कॉन्फिगर स्क्रिप्टा आणि एम४ फाइली. सगळं वाचून होत नाही, हे कबूल.

स्वतः निवडलेल्या कर्नलच्या किंवा यू-बूटच्या आवृत्तीला मुळात हॅश तपासला जात नाही. तो तपासायला लावणारा ‘फोर्स चेक हॅशेस’ पर्याय चालू करा आणि त्यांच्या हॅश फाइली ग्लोबल पॅच फोल्डरात ठेवा. गिटवरून घेतलेल्या पॅकेजचा टारबॉल बिल्डरूट स्वतः बांधतं. ती बांधायची रीत मोठ्या आवृत्तीत बदलली तर फाइलचं नाव आणि हॅश दोन्ही बदलतात. तेव्हा घाबरू नका, नवा हॅश काढून नोंदवा.

ज्या मशीनवर बांधता ते मशीन

बिल्डरूट स्वतःची टूलचेन बांधतं, पण ती बांधायला तुमच्या मशीनवरचा कंपायलर वापरतं. जुनं बिल्डरूट आणि नवं लिनक्स यांचं भांडण इथेच होतं. पायथन ३.१२ ने डिस्टयुटिल्स हे पॅकेजं बांधायचं मॉड्यूल काढून टाकलं. मे २०२४ मधल्या जीसीसी १४ या कंपायलरने घोषणा न केलेल्या फंक्शनचा वापर ही चेतावणी न ठेवता सरळ चूक केली. सीमेक या बिल्ड साधनाच्या ४.० ने मार्च २०२५ मध्ये ३.५ च्या आधीच्या फाइलींशी जुळवून घेणं सोडलं, आणि बिल्डरूट मशीनवर पुरेसं नवं सीमेक दिसलं तर तेच वापरतं. पाठोपाठ एप्रिल २०२५ मध्ये जीसीसी १५ ने सी२३ हे मूळ मानक धरलं. तिथे फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थच बदलतो. तुमच्या कोडमध्ये काही न बदलता, नुसता नवा लॅपटॉप आला म्हणून बिल्ड पडते ती यामुळे.

उपाय कंटेनर, म्हणजे मशीनपासून वेगळं ठेवलेलं, ठरलेल्या लिनक्सचं वातावरण. बिल्डरूटच्या यूटिल्स फोल्डरात डॉकर-रन नावाची स्क्रिप्ट आहे. प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्या ज्या डेबियन इमेजमध्ये होतात, तिच्यातच ती तुमची कमांड चालवते. इमेजचा नेमका टॅग त्या त्या आवृत्तीत लिहिलेला असतो. ती कंटेनर इमेजसुद्धा टारबॉलच्या कोठीत जतन करा. पाच वर्षांनी ती दुसरीकडे मिळेलच असं नाही.

महिन्याचं काम

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक जण हेच करतो. नवी उपआवृत्ती आली असेल तर सबमॉड्यूल पुढे नेतो, साफ बिल्ड लावतो, इमेज बोर्डावर चढवून तासभर चालवतो. उपआवृत्तीतले बदल लहान असतात, म्हणून दर महिन्याला गेलं तर पोट दुखत नाही. आठ महिन्यांचे एकदम घेतले तर नेमकं कुणी काय मोडलं, ते शोधत बसावं लागतं.

मग मेक पीकेजी-स्टॅट्स. निवडलेल्या पॅकेजांची यादी, प्रत्येकाची मूळ प्रकल्पातली ताजी आवृत्ती, आणि ज्ञात सुरक्षा-त्रुटी असं पान तयार होतं. त्रुटींची माहिती अमेरिकेच्या एनव्हीडी या सरकारी साठ्यातून येते. फेब्रुवारी २०२४ पासून त्या साठ्यातलं वर्गीकरणाचं काम मागे पडलं, त्यामुळे यादी कोरी दिसली म्हणजे त्रुटी नाहीत असं समजू नका. ओपनएसएसएल, कर्ल, ड्रॉपबेअर अशा नेटवर्कला उघड्या असलेल्या चार-सहा पॅकेजांच्या घोषणा थेट त्यांच्याकडूनच वाचत चला. उलट बाजूने, यादीत दिसणाऱ्या कित्येक त्रुटी तुम्ही न वापरलेल्या सुविधेतल्या असतात, किंवा पॅचने आधीच मिटवलेल्या असतात. त्या पॅकेजच्या इग्नोअर-सीव्हीई मध्ये (सीव्हीई म्हणजे ज्ञात त्रुटीचा क्रमांक) नोंदवायच्या, आणि नोंदीच्या वर कारण लिहायचं. कारण नसलेली नोंद पुढच्या माणसाने खोडून टाकावी, असा आमचा नियम आहे.

युरोपात उपकरणं पाठवणाऱ्यांना हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटी कळवण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, आणि बाकी सगळं ११ डिसेंबर २०२७ पासून. पहिली सूचना २४ तासांत द्यायची आहे, म्हणजे ती त्रुटी आपल्या कुठल्या इमेजमध्ये आहे हे त्याआधी कळायला हवं. मेक शो-इन्फो चं उत्तर जनरेट-सायक्लोनडीएक्स या स्क्रिप्टला दिलं की घटकांची प्रमाणित यादी मिळते. प्रत्येक प्रसिद्ध इमेजसोबत ती जतन करा, आणि मेक लीगल-इन्फो ने बनणारा परवान्यांचा व स्रोत कोडचा गठ्ठाही. जीपीएल या, स्रोत कोड द्यायला लावणाऱ्या परवान्याच्या कोडची मागणी करणारं पत्र आलं की तोच उपयोगी पडतो. तिथल्या तक्त्यात ‘अननोन’ परवाना दिसला, तर ते बहुधा आपणच घाईत लिहिलेलं पॅकेज असतं.

मोठी उडी

एका दीर्घकालीन आवृत्तीवरून दुसरीवर जाताना मी तीन आठवडे धरतो. वेगळी शाखा काढा. जुनी डेफकॉन्फिग नव्या झाडावर चढवण्याआधी जुनी पूर्ण डॉट-कॉन्फिग बाजूला ठेवा. सेव्हडेफकॉन्फिग मूळ मूल्यं लिहीत नाही, आणि ती मूल्यं दोन आवृत्त्यांमध्ये बदलू शकतात. दोन्ही पूर्ण फाइलींमधला फरक वाचणं कंटाळवाणं आहे, पण अर्धे घोळ तिथेच सापडतात.

काढलेले किंवा नाव बदललेले पर्याय बिल्डरूट गुपचूप गिळत नाही. ते कॉन्फिग.इन.लेगसी मध्ये ठेवलेले असतात. तुमच्या कॉन्फिगमध्ये त्यातला एखादा असला तर बिल्ड सुरूच होत नाही आणि लेगसी मेन्यूत त्याचं कारण लिहिलेलं असतं. एकेक वाचून सोडवा. मॅन्युअलमध्ये जुन्या आवृत्तीवरून स्थलांतराचं प्रकरण आहे, तेही वाचा.

क्रम महत्त्वाचा. आधी फक्त बिल्डरूट हलवा, कर्नल आणि यू-बूट जुनेच ठेवा. ते बोर्डावर चाललं की कर्नल. दोन्ही एकदम बदलून काळा पडदा आला, तर दोष कुणाचा ते सांगता येत नाही. मग मेक ग्राफ-साइज चालवून रूट फाइलसिस्टिमचा आकार बघा. नवी ग्लिबसी ही सी लायब्ररी, नवं पायथन, सगळे थोडेथोडे फुगतात, आणि ग्राहकाकडे बसलेल्या उपकरणावरचं फ्लॅशचं विभाजन काही वाढत नाही. आमची एक इमेज अशीच विभाजनापेक्षा थोडीशी मोठी निघाली, आणि ते कळलं अपडेट चढवताना. आता पोस्ट-इमेज स्क्रिप्ट आकार मोजते आणि नव्वद टक्क्यांच्या वर गेला की बिल्ड पाडते. शेवटी जुन्या इमेजवरून नव्या इमेजवर प्रत्यक्ष अपडेट करून पाहा, आणि अर्ध्यात वीज तोडूनही. अपडेट चढवायला रॉक हे साधन वापरा की एसडब्ल्यूअपडेट, ही चाचणी चुकवू नका.

परत पाठवणं

बाह्य झाडातला प्रत्येक पॅच दर उडीला पुन्हा बसवावा लागतो. म्हणून जो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे तो मूळ प्रकल्पाकडे पाठवा, यात परोपकारापेक्षा आळसच जास्त आहे. बिल्डरूटमध्ये बदल अजूनही गिट सेंड-ईमेलने पाठवतात. एका पॅचमध्ये एकच बदल, शीर्षक ‘पॅकेज/अमुक: बम्प टू व्हर्जन तमुक’ या धाटणीचं, खाली साइन्ड-ऑफ-बाय. पाठवण्याआधी चेक-पॅकेज चालवा आणि मग टेस्ट-पीकेजी. ही दुसरी स्क्रिप्ट तुमचं पॅकेज वेगवेगळ्या आर्किटेक्चरच्या आणि वेगवेगळ्या सी लायब्ररींच्या टूलचेनांवर बांधून बघते. ग्लिबसीवर चालणारा कोड मसल किंवा यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररींवर अडतो, तो इथे पकडला जातो. कुणाला पाठवायचं ते गेट-डेव्हलपर्स सांगते. नवीन पॅकेज देत असाल तर डेव्हलपर्स फाइलमध्ये आपलं नाव घालावं लागतं, आणि मग प्रकल्पाचे सर्व्हर आपोआप लावतात ती त्या पॅकेजची यादृच्छिक बिल्ड कुठे पडली की पत्र तुम्हालाच येतं.

उत्तर दोन दिवसांत येईल किंवा दोन महिन्यांत. सूचना आल्या तर दुसरी आवृत्ती पाठवा आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. ती ओळ इतिहासात जात नाही, फक्त तपासणाऱ्याला दिसते. बदल स्वीकारला गेला की त्या कमिटचा दुवा आपल्या पॅचच्या ‘अपस्ट्रीम’ ओळीत भरून ठेवा. पुढच्या उडीत तोच पॅच ‘आधीच लागलेला आहे’ म्हणत बिल्ड अडवेल. तेव्हा ती फाइल उघडायची, दुवा तपासायचा, आणि गिट आरएम.